भिंतीवरचा डोंगर : एका सवयीची बाराशे वर्षांची कहाणी

१.
दिवाणखान्याच्या भिंतीवर डोंगराचे चित्र असणे ही आज इतकी सामान्य गोष्ट झाली आहे की, तिलाही काही इतिहास असेल हे आपल्या मनात येत नाही. हिमशिखराचे छायाचित्र, धुक्यात बुडालेली दरी, नाहीतर बाजारात तयार मिळणारे तीन तुकड्यांचे निसर्गदृश्य. सोफ्याच्या रंगाशी जुळणारे एक निवडले, खिळा ठोकला, काम झाले. परंतु या सवयीची एक फार जुनी आणि ठळक नोंद उपलब्ध आहे, आणि ती एका वृद्ध, आजारी माणसाच्या खोलीतली आहे. आजचा धागा त्या खोलीपासून निघतो आणि बाराशे वर्षांनंतरच्या एका मृत्यूपाशी थांबतो. देश चीन. प्रश्न एकच : माणसाला घरात डोंगर कशासाठी हवा असतो?

२.
त्या माणसाचे नाव झोंग बिंग. जन्म इ.स. ३७५, मृत्यू इ.स. ४४३. उत्तर चीन हातचा गेलेला, दक्षिणेत एका राजवंशामागून दुसरा सिंहासनावर येत असलेला, असा तो अस्थिर काळ. सरकारी पद स्वीकारावे म्हणून झोंग बिंगला वारंवार बोलावणी आली आणि त्याने ती वारंवार नाकारली. तो बौद्ध उपासक होता. लू पर्वतावरील हुइ-युआन या विख्यात भिक्षूच्या सहवासात राहिलेला. मात्र त्याचे खरे वेड होते ते डोंगरांचे. त्याची पत्नी लुओ हिलाही तीच ओढ होती. तिच्या निधनानंतर त्याने अतोनात शोक केला, असे चरित्रकाराने आवर्जून नोंदवले आहे.

३.
हे चरित्र ‘सोंग-शू’ या राजवंशाच्या इतिहासात येते. शेन युए याने तो इ.स. ४८८ मध्ये सिद्ध केला. त्यानुसार झोंग बिंग पश्चिमेकडे जिंग आणि वू हे पर्वत चढला, दक्षिणेकडे हेंग पर्वतावर गेला आणि तेथे राहण्यासाठी त्याने झोपडीही बांधली. पुढे आजारपणामुळे त्याला जियांगलिंगला, म्हणजे आजच्या हुपेइ प्रांतातील आपल्या घरी, परतावे लागले. आता पाय पुन्हा डोंगर चढणार नाहीत हे त्याने ओळखले, आणि आयुष्यभर पाहिलेले सारे पर्वत खोलीच्या भिंतींवर रंगवले. अंथरुणावर पडून तो त्या डोंगरांत हिंडू लागला. ‘छिन’ हे तंतुवाद्य तो तेथे वाजवत असे, तेही भिंतीवरच्या डोंगरांतून नाद घुमावा या इच्छेने.

४.
या कृतीला चिनी भाषेत एक सुंदर शब्द मिळाला : ‘वो-यौ’, अर्थात निजल्या जागेवरून केलेली भ्रमंती. पुढची हजारो चित्रे या एका शब्दाच्या छायेत रंगवली गेली. शब्दाचा अर्थ नीट पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. झोंग बिंगने भिंत सजवली नव्हती. खोलीत कोणी पाहुणा यावा आणि वाहवा करावी, हा हेतूच तेथे नव्हता. जेथे आता जाता येत नाही तेथे जाण्याची वाट त्याने तयार केली होती. भिंतीवरच्या डोंगराचा जन्म असा उणिवेतून झाला.

५.
झोंग बिंगने एक छोटा निबंधही लिहिला. डोंगर-पाण्याच्या चित्राची प्रस्तावना. (निसर्गचित्राला चिनी भाषेत शब्दच ‘शान-श्वे’ असा आहे, ‘शान’ म्हणजे डोंगर, ‘श्वे’ म्हणजे पाणी.) त्यात तो एक साधा प्रश्न सोडवतो : एवढा प्रचंड पर्वत एवढ्याशा जागेत मावतो कसा? त्याचे उत्तर असे की, पर्वत डोळ्याला भिडलेला असेल तर त्याचा आकार दिसतच नाही; आपण दूर जाऊ तसा तो लहान होत जातो. डोळ्यांसमोर तलम रेशीम ताणून धरले तर पलीकडचा कुनलुन पर्वत वीतभर चौकटीत सापडतो. म्हणूनच काही बोटे उंचीची रेघ हजारो हात उंचीचा कडा होऊ शकते. फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने यथार्थदर्शनाचे प्रयोग केले त्याच्या जवळपास हजार वर्षे आधीचे हे निरीक्षण आहे. अर्थात भूमितीचे नियम बसवणे हा झोंग बिंगचा उद्देश नव्हता. छोट्या चित्रात खरा डोंगर असू शकतो, एवढे त्याला पटवून द्यायचे होते.

६.
त्याची भित्तिचित्रे काळाच्या ओघात नाहीशी झाली. निबंध वाचला, कारण नवव्या शतकात झांग यानयुआन याने आपल्या चित्रकारांच्या इतिहासात तो समाविष्ट केला. भिंती पडल्या, विचार टिकला. आता आपण सहा शतके ओलांडून उत्तर सोंग राजवंशाच्या काळात जाऊ. राजधानी काइफंग. येथे डोंगर हा चित्रकलेचा सर्वश्रेष्ठ विषय झाला होता. फान ख्वान या चित्रकाराचे ‘डोंगर-ओढ्यांतले प्रवासी’ हे रेशमावरचे चित्र २०६ सेंटिमीटर उंच आहे. त्यात वरचा बहुतेक भाग एकाच उत्तुंग कड्याने व्यापला आहे आणि पायथ्याशी खेचरांचा तांडा मुंग्यांसारखा चालला आहे. चित्रकाराने आपली सही झाडांच्या पानांत अशी दडवली होती की ती थेट १९५८ साली तैवानमधील अभ्यासकाच्या नजरेस पडली.

७.
परंतु घरातल्या डोंगराचे तत्त्वज्ञान ज्याने सविस्तर मांडले तो चित्रकार निराळा : ग्वो शी. अकराव्या शतकातील हा कलावंत होनान प्रांताचा. सम्राट शेनझोंग याच्या कारकिर्दीत (१०६७–१०८५) तो दरबारात आला आणि सम्राटाचा अत्यंत आवडता झाला. राजवाड्यातील दालनांच्या भिंती, सरकारी कचेऱ्यांतील पडदे, सर्वत्र त्याचे डोंगर दिसू लागले. त्याचे विचार मुलाने संकलित केले. त्या ग्रंथाचे नाव ‘लिन-छुआन गाओ-झी’. वने आणि झरे यांची उदात्त ओढ, असा त्याचा भावार्थ.

८.
ग्वो शी विचारतो : सज्जन माणसाला डोंगर आवडतात, मग तो डोंगरात राहायला का जात नाही? उत्तर त्या काळच्या समाजाच्या मर्मावर बोट ठेवणारे आहे. राज्यात शांतता नांदते आहे, सम्राटाची सेवा करायची आहे, घरी आईवडील आहेत. अशा वेळी सारे सोडून रानात निघून जाणे हा वैराग्याचा देखावा ठरेल, कर्तव्याचा भंग ठरेल. मन डोंगराकडे धावते, अंगावर मात्र अधिकाऱ्याची वस्त्रे आहेत. या ओढाताणीवर उपाय म्हणजे कुशल हाताने काढलेले चित्र. आपल्या बैठकीवरून न उठता दऱ्या धुंडाळता येतात, माकडांचे आवाज आणि पक्ष्यांची साद कानी आल्याचा भास होतो. झोंग बिंगला आजाराने घरी अडकवले होते. ग्वो शीच्या ग्राहकाला नोकरीने आणि संसाराने. आजच्या वाचकाला यांपैकी दुसरी कैद अधिक ओळखीची वाटेल.

९.
मग चित्र निवडायचे कसे? ग्वो शीची कसोटी आजही वापरता येईल इतकी स्पष्ट आहे. तो डोंगरचित्रांचे चार प्रकार करतो : ज्यातून चालत जाता येईल असे, जे दुरून निरखता येईल असे, ज्यात मनसोक्त भटकता येईल असे आणि ज्यात वस्ती करता येईल असे. चारही चित्रे चांगलीच. तथापि पहिल्या दोहोंपेक्षा शेवटची दोन श्रेष्ठ. त्याचे कारणही तो सांगतो. शेकडो कोस पसरलेल्या प्रत्यक्ष डोंगररांगेतदेखील राहावेसे वाटेल अशी ठिकाणे दहात तीन-चारही निघत नाहीत. चित्रकाराने नेमकी तीच निवडावीत आणि पाहणाऱ्यानेही तीच शोधावीत.

१०.
ही कसोटी त्याच्याच ‘आरंभीचा वसंत’ या चित्राला लावून पाहू. चित्रावर सालाची नोंद आहे, ती इ.स. १०७२ ची. रेशमावर शाई आणि फिके रंग. उंची सुमारे १५८ सेंटिमीटर, रुंदी १०८. आज ते तैपेइ येथील राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. मधोमध ढगासारखा वळसे घेत वर गेलेला डोंगर, खेकड्याच्या नांग्यांसारख्या फांद्यांची झाडे आणि वितळत्या बर्फाचे धुके. खाली काठावर नावेतून उतरलेली माणसे दिसतात, त्यांत लेकराला घेतलेली एक बाई आहे. उजवीकडे धबधब्याच्या वर इमारतींची छपरे डोकावतात. डावीकडे दरी मागे मागे जात पार दृष्टीआड होते. खालच्या नावेपासून वरच्या छपरांपर्यंत डोळा आपसूक पायवाट शोधू लागतो. ग्वो शीला अपेक्षित असलेले ‘राहणे’ ते हेच.

११.
डोळ्याला असे फिरवण्यामागे शास्त्र आहे. ग्वो शी तीन ‘दूरता’ सांगतो. पायथ्यावरून शिखराकडे मान उंचावून पाहणे ही उंचीची दूरता. डोंगराच्या पुढच्या बाजूने पाठीमागच्या रांगांत डोकावणे ही खोलीची दूरता. जवळच्या डोंगरावरून पलीकडच्या क्षितिजाकडे पाहणे ही सपाटीची दूरता. ‘आरंभीचा वसंत’मध्ये तिन्ही एकत्र नांदतात. पाहणाऱ्याला एका जागी खिळवून ठेवणारा एकच दृष्टिबिंदू तेथे नाही. त्यामुळे पाहता पाहता आपण कधी पायथ्याशी असतो, कधी अर्ध्या वाटेवर. रोज दिसणारे चित्र शिळे न होण्याचे रहस्य बहुधा यातच असावे.

१२.
चित्रातला हा प्रवास त्या काळची माणसे किती गांभीर्याने घेत, याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. इ.स. १०८७. छिन ग्वान हा कवी एका जिल्ह्याच्या शाळेत अधिकारी होता. उन्हाळ्यात त्याला आतड्याच्या विकाराने गाठले आणि तो अंथरुणाला खिळला. एक मित्र भेटीला आला तो औषधाऐवजी चित्र घेऊन : वांग वेइ या थांगकालीन कवी-चित्रकाराचे, वांगछुआन दरीतील त्याच्या निवासाचे दृश्य. हे पाहा, बरे वाटेल, असे त्याने सांगितले. छिन ग्वानच्या दोन मुलांनी गुंडाळी दोन्ही बाजूंनी धरली आणि तो उशीवर डोके ठेवून पाहत राहिला. वांग वेइबरोबर आपण त्या दरीत शिरलो, स्थळामागून स्थळ हिंडलो, आपण आजारी आहोत हेच विसरलो, असे त्याने लिहून ठेवले. काही दिवसांत तो बराही झाला. चित्राने पोट बरे केले की नाही, हा वाद वैद्यांवर सोपवू. पण झोंग बिंगचा वारसा सहाशे वर्षांनी जिवंत होता, हे निश्चित.

१३.
आता थोडे तंत्राकडे वळू, कारण त्यावाचून पुढची गोष्ट कळणार नाही. भिंतीवर थेट रंगवलेले चित्र हलवता येत नाही. घडीच्या किंवा उभ्या पडद्यावरचे चित्र जड असते. साधारण दहाव्या शतकापासून उभ्या गुंडाळीचा प्रसार वाढला. रेशमावरील किंवा कागदावरील चित्राला मागून खळीने कागदाचे थर चिकटवायचे, कडेने रेशमी पट्ट्या लावायच्या, वर पातळ काठी आणि दोरी, खाली जड दांडा. दांड्याच्या वजनाने चित्र सरळ लोंबते, आणि काढायचे झाले तर त्याच दांड्याभोवती गुंडाळून पेटीत ठेवता येते. हे काम करणारे कसबी कारागीर असत. या साध्या युक्तीचा परिणाम मोठा झाला : भिंतीवरचा डोंगर बदलता येऊ लागला, विकत घेता येऊ लागला, भेट देता येऊ लागला.

१४.
आणि तो बाजारात आला. काइफंगमधील शियांगकुओ मंदिराच्या आवारात भरणाऱ्या बाजारात पुस्तके, जुन्या वस्तू आणि चित्रे विकली जात. तयार खाद्यपदार्थांच्या दुकानांत नामांकित चित्रे टांगलेली असत. गिऱ्हाइकाचे पाऊल अडावे आणि अडलेले गिऱ्हाईक जरा अधिक वेळ रेंगाळावे हा हेतू. पुढे दक्षिणेकडील हांगचौमधील चहाच्या दुकानांनीही हीच रीत उचलली. धूप जाळणे, चहा घुसळणे, चित्रे टांगणे आणि फुले रचणे या चार गोष्टी निवांत, सुसंस्कृत जीवनाच्या खुणा मानल्या गेल्या. उपाहारगृहाच्या भिंतीवर चित्र लावून वातावरण निर्माण करण्याची क्लृप्ती आधुनिक नाही, हे यावरून दिसते.

१५.
जेथे बाजार येतो तेथे फॅशनही येते. ग्वो शीलाच तिचा फटका बसला. त्याचा चाहता सम्राट १०८५ मध्ये मरण पावला. इ.स. ११०० मध्ये हुइझोंग गादीवर आला. तो स्वतः उत्तम चित्रकार. पण त्याची अभिरुची वेगळी होती. पुढची हकिकत दंग छुन या लेखकाने इ.स. ११६७ च्या सुमारास लिहिलेल्या चित्रकलेच्या ग्रंथात दिली आहे. ती त्याच्याच घरातली आहे. दंग छुनचे आजोबा लष्करी कारभाराच्या सर्वोच्च खात्यात होते. सम्राटाने त्यांना राजधानीत लुंगजिन पुलाजवळ एक वाडा बहाल केला. वाड्याच्या भिंतींसाठी दरबारी चित्रशाळेतून पक्षी, फुले, बांबू आणि सुखी कुटुंबाची दृश्ये तयार होऊन आली होती. नव्या घराला शोभतील अशी आणि कोणाचाही आक्षेप येणार नाही अशी.

१६.
एके दिवशी दंग छुनचे वडील काम पाहायला गेले. चित्रे चिकटवणारा कारागीर एका जुन्या रेशमी तुकड्याने मेज पुसत होता. त्या फडक्यावर डोंगर दिसले म्हणून त्यांनी ते हातात घेतले. ते ग्वो शीचे चित्र होते. कारागिराला काहीच ठाऊक नव्हते. देखरेख करणाऱ्या दरबारी सेवकाने उलगडा केला : शेनझोंग सम्राटांना ग्वो शी फार आवडे, एक संपूर्ण दालन त्याच्या चित्रांनी मढवलेले होते, नव्या सम्राटांनी तेथे प्राचीन चित्रे लावली आणि ही सारी काढून टाकाऊ मालाच्या कोठारात टाकली. हे एवढेच नाही, आणखी पुष्कळ आहेत. दंग छुनचे वडील म्हणाले की, ही टाकाऊ चित्रे मिळाली तरी आम्ही धन्य होऊ. दुसऱ्याच दिवशी हुकूम आला, आणि गाड्या भरभरून चित्रे वाड्यावर पोहोचली. त्या घराची एकही भिंत ग्वो शीवाचून उरली नाही.

१७.
इतिहासाच्या विद्यार्थ्याने या प्रसंगापाशी थोडे थांबावे. ज्या चित्रकाराने ‘राहण्याजोगे डोंगर’ हे ध्येय मांडले, त्याचे डोंगर अवघ्या एका पिढीत मेज पुसायचे फडके झाले. चित्रांत काहीही बदलले नव्हते. बदलला होता वरचा धनी. ती वाचली, कारण एका माणसाने चालू रुचीकडे न पाहता स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला. यात आणखी एक वेदना आहे. इ.स. ११२७ मध्ये जुरचेन सैन्याने काइफंग जिंकले आणि सोंग दरबार दक्षिणेला गेला. दंग छुन हे सारे लिहीत होता तेव्हा ते शहर परक्यांच्या ताब्यात जाऊन चाळीस वर्षे लोटली होती. ज्या भिंतींचे वर्णन तो करत होता तेथे जाणे आता शक्य नव्हते. तोही एका अर्थी ‘वो-यौ’च करत होता.

१८.
यानंतर मंगोलांचे युआन राज्य. त्याच्या अखेरच्या बंडाळीत नी झान (१३०१–१३७४) या वूशीच्या धनिकाने आपली मालमत्ता सोडून दिली आणि थाय सरोवराच्या परिसरात नावेतून, मित्रांच्या घरांतून आयुष्य घालवले. त्याची डोंगरचित्रे फान ख्वानच्या अगदी उलट टोकाची. अलीकडच्या काठावर चार-सहा विरळ झाडे, रिकामी चौथऱ्यावरची छपरी, मध्ये कोरा कागद म्हणजेच पाणी, आणि पलीकडे बुटके डोंगर. माणूस एकही नाही. शाईसुद्धा मोजून वापरलेली.

१९.
त्याचे इ.स. १३७२ चे ‘रोंगशी निवास’ हे चित्र असेच आहे. कागदावरचे, जेमतेम ७५ सेंटिमीटर उंचीचे. ‘रोंगशी’ म्हणजे गुडघे दुमडून बसता येईल एवढीच जागा. हे नाव नी झानच्या मूळ गावातील एका वैद्याच्या घराचे होते. चित्र आधी दुसऱ्या एका स्नेह्याला दिलेले होते. दोन वर्षांनी, १३७४ मध्ये, तो स्नेही ते घेऊन आला आणि त्या वैद्यासाठी त्यावर चार ओळी लिहून मागितल्या. नी झानने इच्छा लिहिली ती अशी की, कधीतरी गावी परतावे, त्या घरात बसून पेला उंचवावा, हे चित्र उलगडावे आणि वैद्याला दीर्घायुष्य चिंतावे. त्याच वर्षी त्याची जीवनयात्रा संपली. एका छोट्या घराच्या भिंतीसाठी दिलेल्या त्या डोंगरात बेघर माणसाची घराची ओढ साठली आहे. चित्रातली छपरी रिकामी का, याचे यापेक्षा वेगळे उत्तर शोधावे लागत नाही.

२०.
पुढे काय घडले ते पाहा. मिंग राजवटीत (१३६८–१६४४) रेशीम, कापूस आणि चांदी यांच्या व्यापाराने यांगत्सेच्या दक्षिणेकडील शहरे गब्बर झाली. तेथे एक मोजमाप रूढ झाले : ज्याच्या घरी नी झानचे चित्र आहे तो सुसंस्कृत, नाही तो गावंढळ. सर्वस्व सोडलेल्या माणसाची चित्रे श्रीमंतीची निशाणी बनली! मागणी वाढली तशा नकलाही वाढल्या. सूचौ शहरातील बनावट चित्रांचा धंदा इतका भरभराटला की, ‘सूचौचा माल’ हा नकली चित्रांसाठी स्वतंत्र शब्दप्रयोग झाला. भिंतीवरचा डोंगर आता आत जाण्यासाठी उरला नव्हता. तो बाहेरून येणाऱ्याला दाखवण्यासाठी होता.

२१.
याच सूचौमध्ये वन झेनहेंग (१५८५–१६४५) जन्मला. विख्यात चित्रकार वन झेंगमिंग हा त्याचा पणजोबा. वन झेनहेंगने घर, बाग, आसने, भांडी, चहा यांविषयी बारा प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. त्याचे नाव ‘छांगवू-झी’, म्हणजे जास्तीच्या वस्तूंचा ग्रंथ. नसल्या तरी चालतील अशा वस्तू! चित्र टांगण्याचे त्याचे नियम करडे आहेत. चित्र उंच लावावे. अभ्यासिकेत एका वेळी एकच गुंडाळी असावी. समोरासमोरच्या भिंतींवर किंवा डावी-उजवीकडे जोडीने चित्रे टांगणे हा हीन रुचीचा कळस. प्रशस्त दालनात मोठे आडवे चित्र, छोट्या खोलीत छोटे दृश्य. चित्रापुढच्या मेजावर एखादा वेधक दगड, ऋतूतली फुले वा कुंडीतले खुजे झाड ठेवावे. भडक तांबडा रोगण मात्र जवळ येऊ देऊ नये.

२२.
याहून मनोरंजक आहे ते त्याचे चित्रे टांगण्याचे पंचांग. नववर्षाच्या दिवशी भाग्यदेवता आणि प्राचीन सत्पुरुष. अकराव्या महिन्यात हिमदृश्ये. बाराव्यात दुष्ट शक्तींना पळवणारा झोंग क्वेइ. आणि मोठे डोंगर केव्हा? सहाव्या महिन्यात, म्हणजे साधारण आपल्या आषाढाच्या सुमारास, जेव्हा सूचौमध्ये दमट उकाडा असह्य होतो. तेव्हा भव्य पर्वत, दाट झाडीने झाकलेले कडे आणि ढगांत बुडालेली शिखरे लावावीत. अंगाची लाही होत असताना डोळ्यांना दरीतली सावली मिळावी, हा त्यामागचा विचार. नियमांच्या या जंजाळातही झोंग बिंगच्या खोलीतला तो मूळ हेतू तग धरून होता : जे येथे नाही ते भिंतीने द्यावे.

२३.
असे नियम लिहावेसे का वाटले असतील? एक कारण उघड आहे. पैसा असला की कोणीही नी झान विकत घेऊ शकत होता. मग जुन्या विद्वान घराण्याचे वेगळेपण कशात? ते ‘काय आहे’ यापेक्षा ‘कसे लावले’ यात शोधले गेले. या दृष्टीने ‘छांगवू-झी’ हा प्रतिष्ठेच्या अटीतटीचा दस्तऐवज आहे, आणि तसा तो वाचायलाच हवा. परंतु लेखकाला निव्वळ दिखाऊ ठरवून मोकळे होता येत नाही. इ.स. १६४५ मध्ये मांचू सैन्याने सूचौ घेतले. पुरुषांनी डोक्याचा पुढचा भाग भादरून वेणी ठेवावी असा हुकूम सुटला. तो मानणे म्हणजे पराभव अंगावर वागवणे. वन झेनहेंगने अन्नत्याग करून देह ठेवला. कोणत्या खोलीत कोणते चित्र शोभते यावर काथ्याकूट करणाऱ्या या माणसाने जीवही जास्तीची वस्तू मानला.

२४.
आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. घरात डोंगर कशासाठी? या बाराशे वर्षांत दोन उत्तरे सतत एकमेकांशी झगडताना दिसतात. एक : मला जेथे जाता येत नाही तेथे जाण्यासाठी. दुसरे : मी कोण आहे हे इतरांना कळावे म्हणून. पहिले उत्तर झोंग बिंगचे, छिन ग्वानचे, वूशीच्या वैद्यासाठी लिहिणाऱ्या नी झानचे. दुसरे मिंग काळच्या व्यापाऱ्यांचे, आणि काही अंशी आपल्या सगळ्यांचेच. चित्र तेच असते. उत्तर बदलले की त्याचे कधी फडके होते, कधी फडक्याचे पुन्हा चित्र होते.

२५.
तरुण वाचकांनी भिंतीसाठी डोंगर निवडताना ग्वो शीचा प्रश्न जरूर विचारावा : या चित्रात मला राहता येईल का? नजर कोठून आत शिरेल, पायवाट कोठे जाते, दमल्यावर बसायला जागा आहे का? वन झेनहेंगचेही थोडे ऐकायला हरकत नाही. एका भिंतीवर एकच चित्र लावावे आणि ऋतू पालटला की ते बदलावे, कारण वर्षभर एकाच जागी असलेले चित्र डोळ्यांना दिसेनासे होते. आणि ते महागडे असण्याची गरज मुळीच नाही. पहिला डोंगर ज्याने रंगवला त्याने तो स्वतःच्या हाताने, स्वतःच्या आठवणीतून, घराच्या साध्या भिंतीवर रंगवला होता.

धागा येथे संपतो. आपल्या भिंतीवर कोणता डोंगर आहे आणि तो तेथे का आहे, हे अवश्य लिहा.